आरशाचा आवाज

आमच्या घरात दोन मराठी नांदत होत्या. दार लावलं की आतली, दार उघडलं की बाहेरची. आतली वऱ्हाडी, अकोल्याकडची, जिच्यात ‘मला’चं ‘मले’ व्हायचं आणि ‘तुझं’चं ‘तुयं’. बाहेरची बाबांनी पुण्याला बदली झाल्यावर कचेरीतल्या लोकांचं ऐकून ऐकून, मापाने शर्ट शिवून घ्यावा तशी बेतून घेतलेली. बाबा टेलिफोन खात्यात सुपरवायझर होते. दारात कोणी आलं की ते उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, “या ना, बसा. आपण चहा घेणार ना?” आणि पाहुणा जिना उतरून गेला की तेच बाबा बनियनवर येऊन आईला विचारायचे, “काऊन वं, साखर संपली होती काय?” लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. शेजारच्या गोडबोलेकाकू दार सताड उघडं टाकून ज्या भाषेत नवऱ्यावर खेकसायच्या त्याच भाषेत पोस्टमनलाही झापायच्या, हे लक्षात आल्यावर मी चकितच झाले.

आईने मात्र बाहेरची मराठी शिकायला साफ नकार दिला होता. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती भाजीवाल्याकडे गेली आणि म्हणाली, “एक जुडी सांबार द्या.” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीवाल्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, “बाई, सांबार पाहिजे तर कोपऱ्यावर हॉटेल आहे. इडलीबरोबर मिळेल.” आई घरी आली ती पिशवी आपटतच. “सांबार मांगतलं तं हॉटेलात धाडते मले!” बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले, उद्यापासून कोथिंबीर म्हणत जा. “मी सांबारच म्हनीन,” आई म्हणाली, “त्याले शिकू द्या.” आणि महिन्याभरात तो भाजीवाला तिला लांबून येताना पाहिलं की कोथिंबिरीची जुडी वर धरून “सांबार!” असं ओरडायला लागला. आई हे कोणालाही सांगताना पदर खोचून सांगायची. तिच्या हातचा रविवारचा गोळाभात आणि कढी, त्यावर तोच सांबार मूठभर, हे मला आजही जगातलं सगळ्यात भारदस्त जेवण वाटतं, आणि त्याबद्दल वाद घालायची माझी तयारी नाही.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्यांनी मला एकदाच, विहारातून वंदना आटोपून परत येताना, रस्त्यावर कोणी नाही असं बघून सांगितलं होतं. आम्ही बौद्ध, रविवारची सकाळ विहारात जायची. “बोलन्यावरून गाव समजते,” ते म्हणाले, “गावावरून आडनाव समजते. आडनावावरून बाकीचं लोकं सोताच ठरवतेत. आपन त्यायले येवढी सोय काऊन करून द्याची?” कोणी विचारलं, “मूळचे कुठले आपण?” तर बाबा म्हणायचे, “आता पुण्याचेच म्हणायचे.” हे उत्तर ते इतक्या छान हसून द्यायचे की पुढे विचारायची कोणाची टाप नव्हती. मीही शाळेत तेच करायची. फक्त ‘ळ’ मला दगा द्यायचा. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो. मी न्हाणीघरात बादली भरायला लावून, नळाच्या आवाजाच्या आडोशाने कमळ, केळं, काजळ, वाळवंट असं घोकायची. बाहेर आई म्हणायची, “या पोट्टीले काय झालं, नयाशी भांडून रायली.”

आमच्या क्वार्टर्स टेलिफोन खात्याच्या, त्यामुळे घरोघरी फोन होता. बाहेरच्या जगात लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत होते आणि आमच्याकडे शेजारच्या बिल्डिंगमधून डाळ शिजली का हे विचारायलाही फोन यायचा. त्या सुमारास देशात बरंच काही आत येत होतं, नवी शीतपेयं, नव्या गाड्या, नवे चॅनल. आमच्या क्वार्टर्समध्ये ते सगळं एका माणसाच्या हातून येत होतं, आणि तो माणूस म्हणजे केबलवाले राजाभाऊ. मुळशीकडच्या गावातून आलेले, पान खाणारे, बुधवार पेठेतून तारा, कॅपॅसिटर, जुने व्हीसीआर पिशवीत घालून आणणारे. गेटसमोरच्या पिठाच्या गिरणीला लागून त्यांची खोली होती. तिला ते कंट्रोल रूम म्हणत. गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटायचा आणि व्हीसीआरवर गव्हाच्या पिठाचा थर बसायचा. राजाभाऊंचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर लग्नाच्या कॅसेटी, साडीच्या दुकानाच्या जाहिराती आणि रविवारी दुपारी सिनेमा.

या चॅनलवरच आम्हाला महानायक भेटले. हिंदीत बोलणारे अमेरिकन महानायक. त्यांची मूळ इंग्रजी नावं धड उच्चारता यायची नाहीत म्हणून आम्ही आमची ठेवली होती. हात लावेल ते गोठवणारी ती बर्फी. एकाचे दोन होणारा तो दुप्पट. कशाचंही वजन कमी-जास्त करणारा तो वजनकाटा. आणि माझा, म्हणजे मी मनोमन माझाच मानलेला, आरसा. त्याच्या अंगावर जो वार होईल तो जसाच्या तसा मारणाऱ्यावर उलटायचा. तो स्वतः कधी आधी हात उचलायचा नाही. ही गोष्ट मला फार आवडायची. पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर आम्ही चौघं रोज संध्याकाळी यावर भांडायचो: अनिरुद्ध, शुभदा, जग्गू आणि मी. आरसा आणि बर्फी लढले तर कोण जिंकेल? बर्फीने आरशाला गोठवलं तर तीच गोठेल, असं मी म्हणायची. मग जग्गू विचारायचा, आणि वजनकाट्याने आरशाचं वजन वाढवलं तर वजनकाटा खचेल का? यावर तीन दिवस गेले. अनिरुद्ध आमच्यातला विद्वान. राहायचा क्वार्टर्समध्येच, पण मामा सदाशिव पेठेत, क्लास सदाशिव पेठेत, मतं सदाशिव पेठेतली. बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून तो इंग्रजी सिनेमाची मासिकं आणायचा आणि त्यांत वाचलेलं आम्हाला मोजून मापून वाटायचा.

त्यानेच बातमी आणली की हे चौघं आता एकाच सिनेमात येणार. आम्ही अक्षरशः वेडे झालो. पण मासिकातला फोटो पाहिला आणि जग्गूच्या पायाखालची जमीन सरकली: दुप्पटचं काम भलताच नट करत होता. “नाक वेगळंय,” जग्गू म्हणाला, “हा दुप्पट नाहीच.” अनिरुद्ध म्हणाला, “एकाचे दोन होतात ना? हा दुसरा असेल.” जग्गू त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. आरशाच्या जागी कोण हवा होता, बर्फी जरा पोक्त हवी होती का, खलनायक एवढा देखणा कशाला, यावर आम्ही असे तावातावाने बोलायचो, जणू निर्माता आमच्या निर्णयासाठी खोळंबलाय. परवा हिंजवडीहून घरी येताना कंपनीच्या बसमध्ये माझ्या टीममधली पोरं अशाच एका नव्या सिनेमावरून हमरीतुमरीवर आली होती. “मॅम, यू वोन्ट गेट इट,” त्यांतला एक मला समजावत म्हणाला, “धिस इज लाइक, टोटली राँग कास्टिंग यार.” बस वाकडच्या पुलाखाली तासभर अडकली होती. मी चष्मा पुसला आणि त्याला म्हटलं, बाळा, कास्टिंगवरून मी ज्या वयात भांडलेय त्या वयात तुझ्या आईबाबांची ओळखही झाली नव्हती.

सिनेमा थेटरात आला तो कॅम्पात, इंग्रजीत, आणि लगेच गेला. हिंदी झालाच नाही. मग एका दुपारी राजाभाऊ सायकलवरून उतरले आणि कट्ट्यावर आमच्या मधोमध त्यांनी एक कॅसेट ठेवली. “आली बघा. पर समदी इंग्रजी हाय. बायांना कळायची न्हाय, म्हाताऱ्यांना कळायची न्हाय. पलीकडचा केबलवाला हसंल मला.” अनिरुद्धने कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, “मराठीत करू. आम्ही बोलतो. तुम्ही माईक आणा.” सगळा मामला असा एका मिनिटात ठरला. कॅसेट चालू असताना कंट्रोल रूममध्ये बसून आम्ही माईकवर मराठी बोलायचं. आम्ही बोलू तेव्हा राजाभाऊ इंग्रजी आवाजाचं बटण बारीक करणार, मारामाऱ्या आल्या की मोठं. मराठी कागदावर उतरवायचं काम अर्थातच अनिरुद्धचं.

आणि मग खरी भांडणं सुरू झाली, कारण आता कास्टिंग आमच्या हातात होतं. शुभदा बर्फी, यावर कोणाचंच दुमत नव्हतं; ती बोलली की समोरच्याला आपोआप हुडहुडी भरायची. जग्गूने दुप्पट मागून घेतला, नव्या नाकासकट. वजनकाटा बोलायचा कमी, तो आणि खलनायक दोन्ही जग्गूनेच करायचे ठरले. राहिला आरसा. मी म्हटलं, मी करते. पोरीने पुरुषाचा आवाज काढायचा, यावर कोणी काही बोललं नाही. माझा आवाज घोगरा होता, फोनवर लोक मला बाबा समजायचे. पण अनिरुद्धने एक कागद पुढे केला. “हे वाच.” त्यावर आरशाचं मोठं भाषण होतं: ‘काळोखाच्या काळजातही मी उजळेन, काळा, तुझी वेळ टळणार नाही, तुझा प्रहार तुलाच अर्पण!’ ओळीत एकही शब्द पाय ठेवायला मोकळा नव्हता. मी श्वास घेऊन सुरुवात केली. काळोख पार पडला. पुढे मात्र माझ्या तोंडून स्वच्छ ‘कायजात’ आलं.

जग्गू हसता हसता कट्ट्यावरून खाली उतरला. शुभदाने तोंडावर ओढणी धरली. अनिरुद्ध हसला नाही. त्याने कागद परत घेतला आणि शांतपणे म्हणाला, “आरसा अमेरिकेचा आहे, मान्य. पण कायीज असलेला आरसा मी अजून पाहिलेला नाही. महानायकाने निदान शुद्ध बोलावं.” मग जरा विचार करून म्हणाला, “आरसा मी करतो. तू तो म्हातारा दारवान कर. खलनायकाच्या महालाचा. दोन वाक्यं आहेत, नंतर तो मरतो.”

घरी येऊन मी पांघरूण डोक्यावर ओढून पडले. बाबांना कळल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले. मला वाटलं, त्यांना राग येईल. पण त्यांचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता. “दोनच वाक्य हायेत नं? मंग चांगलं झालं. सारी कॉलनी आयकून रायली असते. जास्त बोलशीन तं जास्त चुकशीन.” मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की बाबा भीत होते. माझ्यासाठी आणि त्यांनी इतकी वर्षं सांभाळलेल्या त्या बाहेरच्या मराठीसाठीही. एवढा उंच, टेलिफोनच्या खांबावर सरसर चढणारा माणूस माझ्या एका अक्षराला भीत होता. मला रडू आलं ते त्याचं. आई भाकरी थापत होती, ती तिथूनच म्हणाली, “दोन तं दोन. पन असे म्हन का लोकायनं इचारलं पायजे, थो म्हतारा कोन होता म्हनून.” भाकर तव्यावर पडल्याचा फट असा आवाज झाला आणि विषय संपला.

त्या रविवारी राजाभाऊंनी गिरणीवाल्याला हातापाया पडून गिरणी बंद ठेवायला लावली. ज्यांची दळणं अडली त्या बायका टीव्हीसमोर बसलेल्याच होत्या, त्यामुळे तक्रार आली नाही. आम्ही चौघं एका माईकभोवती दाटीवाटीने, समोर धुळीने माखलेला छोटा टीव्ही, राजाभाऊंचं बोट बटणावर. खोलीत पंखा लावायची सोय नव्हती, कारण त्याचा आवाज माईकमध्ये यायचा. सिनेमा सुरू झाला. शुभदाची बर्फी उत्तम. जग्गू खलनायक आणि दुप्पट यांच्यात दोनदा गोंधळला आणि खलनायकाने स्वतःलाच धमकी दिली, पण ते खपून गेलं. पंचाईत झाली ती आरशाची. अनिरुद्धचा एकेक शब्द घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा लखलखीत होता, आणि तीच अडचण होती. पडद्यावर तो धिप्पाड गडी कपाळाचं रक्त पुसत होता आणि आवाज येत होता, “हे दुर्जना! तुझा प्रहार तुलाच अर्पण!” फोन वाजला. राजाभाऊंनी उचलला, ऐकलं आणि पडलेल्या चेहऱ्याने ठेवला. “गोडबोलेवहिनी. म्हणत्यात, तुमचा तो आरसा कीर्तनाला उभा ऱ्हायलाय का?” लगेच दुसरा फोन. सात नंबरचे करंदीकरकाका: “त्याला म्हणावं, मारामारी कर, बोलू नकोस.”

एवढ्यात माझा म्हातारा पडद्यावर आला. कंदील घेऊन महालाच्या दारात उभा. माझ्या कागदावर लिहिलं होतं, ‘थांबा महाराज, बाहेर काळोख दाटला आहे.’ मला तो ‘ळ’ लांबूनच दिसला आणि तो टाळायचा म्हणून मी मनात पटकन काळोखाच्या जागी अंधार घातला. मी ठरवून केलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. तो एक शब्द बदलला आणि त्याच्यामागून सगळं घर बाहेर आलं. “मालक, नोका जाऊ बावा. भाईर लय अंधार हाय. अन् अंधार एकटा नाई आला, कोनाले तरी घेऊन आला.” मला माझाच आवाज ऐकू आला, आणि तो आमच्या आतल्या खोलीत असतो तसा होता, मोकळा. अनिरुद्धने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढच्याच क्षणी खलनायकाने त्या म्हाताऱ्याला मारून टाकलं आणि मध्यंतराची साडीची जाहिरात लागली.

फोन खणखणत राहिला. राजाभाऊ एकेक निरोप देत होते: दारवानाला का मारलं? दारवान कोण आहे? दारवान परत येणार आहे का? शेवटी त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “अनिरुद्धा, राग मानू नको. पर त्या पोरीला दे की माईक.” मी ताडकन म्हटलं, “मी हसवायला बोलणार नाही.” मला माहीत होतं, आमची भाषा नाटकात-बिटकात कुठे येते ती, पाणी आणणाऱ्या गड्याच्या तोंडी, लोक हसावेत म्हणून. आरशाचं मी तसं होऊ देणार नव्हते. अनिरुद्धने आपला लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला. “हसव कोण म्हणालं?” तो म्हणाला. “आरसा विनोदी नाही. लोक हसले तर ती तुझी चूक, भाषेची नाही.” इतकी वर्षं झाली, पण माझ्यावर एवढा मोठा विश्वास फार थोड्या लोकांनी टाकलाय. मग त्याने माईक जवळ ओढला आणि जाहिरात संपता संपता क्वार्टर्सला सुनावलं, “प्रेक्षकांना कळवण्यात येते की आरसा मध्यंतरात गावी जाऊन आला आहे. त्याच्या बोलण्यात फरक आढळल्यास तो त्याचा घरगुती प्रश्न समजावा.” आणि माईक माझ्यापुढे सरकवला.

सुरुवातीची काही मिनिटं लोक हसत होते. आम्हाला ते खिडकीतून ऐकूही येत होतं, बिल्डिंगा एवढ्या जवळजवळ होत्या. माझे कान तापले होते. मग शेवटचा सामना आला. मूळ इंग्रजीत आरसा तिथे स्वातंत्र्य, शहर, मानवजात वगैरे काहीतरी बोलतो. माझ्यासमोर कागद नव्हता. मला तो कंदीलवाला म्हातारा आठवत होता आणि का कोण जाणे, विहारातून येताना रस्ता रिकामा आहे का बघणारे बाबा दिसत होते. पडद्यावर आरशाचे ओठ हलले आणि मी बोलले, हळू, जसं बाबा फार चिडले की बोलायचे तसं:

“थो दारावरचा मानूस माया गावचा होता. त्याले इथी कोनी नाव नाई इचारलं. तुया महालाचं दार त्यानं उघडलं अन् बंद केलं, येवढंच तुले माईत. मले त्याचं नाव माईत हाय. मी तुले काईच करत नाई. तुयं तुलेच देऊन रायलो. घे.”

खलनायकाचा वार उलटला, महाल कोसळला. राजाभाऊ इंग्रजी आवाज मोठा करायचं विसरले, त्यामुळे तो अख्खा महाल एकही आवाज न करता कोसळला. बाहेर कोणी हसत नव्हतं. फोनही वाजत नव्हता. राजाभाऊंना वाटलं लाइन गेली. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, आत सुरू असलेला टोन ऐकला आणि तसाच हळूच खाली ठेवला. शुभदा नाक ओढत होती, बर्फी असून. जग्गू म्हणाला, “म्हणजे तो दारवान ह्याच्या गावचा होता होय! म्हणूनच एवढा पेटला.” अमेरिकेतल्या कोणाच्याही डोक्यात नसलेली ही गोष्ट त्या दुपारी आमच्या सगळ्या क्वार्टर्सला पटली, आणि पुढे पोरांनी विटी-दांडूपासून परीक्षेच्या पेपरांपर्यंत सगळीकडे ‘तुयं तुले’ सुरू केलं. करंदीकरकाकांनी तर सायकलवाल्याचं चुकीचं बिल परत करताना ते म्हटल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. पुढे हिंजवडीत नोकरी लागल्यावर परदेशी गिऱ्हाइकांशी कसं बोलायचं ते शिकवायला एक बाई यायच्या. त्या माझे उच्चार घासायच्या आणि बाकीची पोरं घाबरून गप्प बसायची. मी मजेत शिकले. आणखी एक बाहेरची भाषा, त्यात काय. मला आतली कुठे ठेवायची हा प्रश्न उरलेला नव्हता.

तर सिनेमा संपला आणि आम्ही घामाने निथळत बाहेर आलो. संध्याकाळ झाली होती. मैदानात माणसं जमली होती, सिनेमा थेटरातून सुटल्यासारखी. त्यांच्यात बाबा होते, इस्त्रीचा शर्ट घातलेले, हात मागे बांधून उभे. त्यांचा चेहरा मला दुरून वाचता येईना. करंदीकरकाका त्यांच्यासमोर उभे होते. मी जवळ पोचले तेव्हा काका विचारत होते, “ही तुमची मुलगी ना? बरी बोलली.” पुण्यात यापेक्षा मोठी पदवी नाही. “पण ही भाषा कुठली म्हणायची? आपण मूळचे कुठले?”

मी त्यांचं ते छान हसू यायची वाट पाहिली. ते आलं नाही.

“वऱ्हाडी,” बाबा म्हणाले. “आमची भाषा हाय थे. अकोला जिल्हा, अकोट तालुका. मायं नाव तुमाले माईत हाय, आडनावबी माईत हाय. अन् थो दारवान होता नं पिक्चरमधी, थोबी आमच्याच गावचा.”

मोठ्याने बोलले. आजूबाजूची चार माणसं वळून पाहतील एवढ्या मोठ्याने, इस्त्रीच्या शर्टात, भर मैदानात. करंदीकरकाका म्हणाले, “असं होय,” आणि मग, “उगाच मारला बिचाऱ्याला.” बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “चाल वं,” ते म्हणाले, “तुयी माय सकायपासून उपाशी हाय तुयापायी.” आणि आम्ही घराकडे निघालो. मैदान ओलांडून, गोडबोलेकाकूंच्या उघड्या दारावरून, साऱ्या गॅलऱ्यांखालून, आणि बाबा सबंध वाटभर बोलत होते.